चाळीस झाडांची दुसरी साक्ष

एका राज्यात न्यायासाठी एकच साक्ष पुरत असे. साक्षीदार दरबारात येई, जे पाहिले ते सांगे, राजा हातातला चंदनी दंड जमिनीवर आपटे, आणि मग त्या गोष्टीबद्दल कोणी तोंड उघडत नसे. दुसऱ्या साक्षीदाराला बोलावणे म्हणजे पहिल्याला खोटे म्हणणे, आणि माणसाला तोंडावर खोटे म्हणणे त्या राज्यात मोठे पातक मानले जाई. लोक फार सभ्य होते. त्या सभ्यपणापायी किती निरपराध माणसे शिक्षा भोगून गेली, याची चौकशी करायला कोणी बसले नाही, कारण चौकशी करणे हाही उद्धटपणाच होता.

त्या राज्याचा राजा धृतिसेन. त्याला दोन मुले होती. थोरला कुवलय, शांत आणि हसरा. धाकटी उत्पला. तिला थांबणे ठाऊक नव्हते. जेवताना तिला पाणी आधी लागे, गोष्ट ऐकताना शेवट आधी लागे, आणि दरबारात बसवले की ती विचारी, "बाबामहाराज, दुसऱ्या बाजूचं कोण ऐकणार?" मग कुवलय तिचा हात धरून तिला बाहेर नेई आणि सांगे, "तू राणी झालीस की विचार. तोवर चल, आंबे पाडू."

एके वर्षी रुद्रकेतू नावाच्या मांत्रिकाने डोंगरावरचा झरा अडवला. राज्याची नदी त्या झऱ्यातून निघत असे. नदी आटली. तेव्हा राजपुत्र कुवलय धरून चाळीस वीर झरा सोडवायला निघाले. उत्पलेने चाळीसही कपाळांना कुंकू लावले. कुवलयाच्या खांद्यावर त्याची पाळलेली साळुंकी होती.

परत आली ती एकटी साळुंकी.

ती दरबाराच्या मधोमध उतरली आणि म्हणाली, "महाराज, डोंगरावर लढाई झाली. काही वीर पडले, काही उरले. मांत्रिकाने पडलेल्यांना आणि उरलेल्यांना, सगळ्यांनाच झाडं केलं. चाळीस झाडं उभी आहेत. जिवंत किती आणि मृत किती, हे जो त्या झाडांसमोर अचूक सांगेल, त्याच्या शब्दाने शाप सुटेल."

राजाने विचारले, "माझा मुलगा?"

"चाळिसांतला एक आहे," साळुंकी म्हणाली. "झाडं सगळी सारखी आहेत."

राजाने दंड आपटला. साक्ष झाली होती. आणखी विचारायचे कोणाला?

त्या दिवसापासून राज्यात कोणतीही गोष्ट पुरी होईना. ढग भरून येत आणि तसेच उभे राहत. कळ्या धरत, पण उमलत नसत. भाताला उकळी येई, पण शीत शिजत नसे, आणि लोक अर्धेकच्चे जेवत. पोटुशा बायकांचे नववे महिने सरत नव्हते. आणि मरणाला टेकलेली माणसे मरत नव्हती. त्यांचा शेवटचा श्वास गळ्यापर्यंत येई आणि तिथेच अडकून बसे.

राणी यशोमती त्यांच्यातली एक होती. ती जुनी आजारी. शाप पडला तेव्हा तिची घटका भरली होती, आणि ती घटका काही संपेना. उशाशी बसलेल्या उत्पलेला ती रोज एकच गोष्ट सांगे.

"बाळ, कोणीतरी हे पुरं करा."

"बाबामहाराजांना सांगते, आईसाहेब."

"त्यांना नको सांगू. त्यांना हे असंच हवंय."

आणि ते खरे होते. उत्पला राजाकडे गेली तेव्हा तो गच्चीत उभा राहून डोंगराकडे पाहत होता. तो तिच्याकडे न वळता म्हणाला, "आज मला अर्धा मुलगा तरी आहे, उत्पले. कोणी उत्तर आणलं आणि तेवढाही राहिला नाही तर?"

"आणि आईसाहेब?"

राजा डोंगराकडेच पाहत राहिला.

"आजवर जे डोंगरावर गेले, बाबामहाराज, त्यांतले काही उत्तर हरवून परतले. तिघं परतलेच नाहीत."

"ते चुकीचं उत्तर देऊन दगड झाले. तशी साक्ष झाली आहे."

"कोणाची?"

"एका गुराख्याची. पुरे. दंड आपटला आहे."

उत्पला तिथून निघाली ती थेट वेशीबाहेर. आईच्या पायांना हात लावायला तेवढी थांबली. साळुंकी तिच्या मागे उडत आली आणि फणकारून म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं ते खोटं? दुसऱ्याला विचारायला निघालीस?"

"तू सांगितलंस ते खरं आहे," उत्पला म्हणाली. "पण अर्धं आहे. जिवंत आणि मृत मिळून चाळीस. त्यात जिवंत एकोणचाळीस असतील, किंवा एकच असेल. तुझ्या खऱ्याचं मी करू काय?"

"माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता."

"मग घरी जा."

"रस्ता तुला कोण दाखवेल?" साळुंकी म्हणाली आणि तिच्या खांद्यावर बसली.

डोंगराच्या पायथ्याशी उंबर होता. उंबरावर एक राघू बसला होता, पंख विंचरत. त्याला माणसांची भाषा येत होती, आणि ती आपल्याला येते याचा त्याला अभिमानही होता.

"राजकन्ये," तो म्हणाला, "या वाटेवर तिघे बोलतात. मी पहिला. ऐक. चाळिसांतल्या प्रत्येक जिवंत झाडाभोवती मी सकाळी दोन प्रदक्षिणा घालतो. प्रत्येक मृत झाडाभोवतीही दोन घालतो. माझ्या एकूण ऐंशी प्रदक्षिणा होतात. ही माझी साक्ष. जा, उत्तर दे."

उत्पला वळलीही. तिला दोन साक्षी मिळाल्या होत्या. ती भराभर चढू लागली आणि चढताना हिशेब मांडू लागली. वीस जिवंत, वीस मृत धरले, तर झाडे चाळीस भरतात आणि प्रदक्षिणा ऐंशी. जमले. मग तिने तीस आणि दहा धरून पाहिले. तेही जमले. पाच आणि पस्तीस. तेही. ती जे धरी ते जमे. पाय चालत होते, आणि समोर पुन्हा तोच उंबर आला.

राघू शीळ घालत होता. "आलीस? बरं झालं. एकटं बसून कंटाळा येतो."

"तू मला नवं काही सांगितलं नाहीस," उत्पला म्हणाली. तिचे कान तापले होते. "प्रत्येक झाडाला दोन म्हणजे चाळीस दुणे ऐंशी. साळुंकीचंच बोलणं तू दुप्पट करून ऐकवलंस. ज्या दोन साक्षींत कोणतंही उत्तर बसतं, त्या दोन नव्हेत, एकच आहे."

"मी खोटं बोललो का?"

"नाही. खरं बोललास आणि माझा वेळ घेतलास."

"बहुतेक लोक तेच करतात, पोरी," राघू म्हणाला आणि बाजूला सरकला. उंबरामागे खरी वाट होती.

साळुंकी खांद्यावरून म्हणाली, "माझंच चोरलं त्याने."

डोंगराच्या कमरेवर वाऱ्याने वाकलेला एक पळस होता. त्यावर कावळा होता, म्हातारा, एका डोळ्याने पाहणारा. त्याने प्रस्तावना केली नाही.

"घरट्यासाठी मी प्रत्येक झाडाच्या तीन-तीन काटक्या मोडल्या, जिवंताच्या तीन, मृताच्या तीन. दीडशे काटक्या झाल्या. ही दुसरी साक्ष."

या वेळी उत्पला चालू लागली नाही. तिने खाली बसून मातीत रेघा मारल्या.

"तीन-तीनप्रमाणे दीडशे काटक्या म्हणजे पन्नास झाडं."

"असतील."

"साळुंकी चाळीस सांगते. तू पन्नास सांगतोस. तुम्ही दोघेही खरे ठराल, असे आकडे या जगात नाहीत. मी कितीही शोधले तरी सापडणार नाहीत. तुमच्यातलं एक कोणीतरी खोटं बोलतंय."

कावळ्याने मान तिरकी केली. "तुमच्या राज्यात असं तोंडावर बोलत नाहीत म्हणे."

"नाही बोलत."

"मग खोटं कोण? मी की तुझी ही लाडकी? ती पाळलेली आहे. पाळलेले पक्षी मालकाला आवडेल ते बोलतात."

साळुंकीने पिसे फुलवली. उत्पलेने आपल्या उजव्या हाताचे बोट पाहिले. निघताना एकेका कपाळापुढे ती उभी राहिली होती. कोणी घामेजलेले होते, कोणी तिच्याहून बुटका म्हणून तिने वाकून लावले होते, कुवलयाने मुद्दाम मान हलवून कुंकू नाकावर सांडवले होते. ती म्हणाली, "गेले ते चाळीस होते. चाळिसांची पन्नास झाडं होत नाहीत. खोटा तू आहेस."

"मी खोटाच आहे," कावळा शांतपणे म्हणाला. "माझं कामच ते. माझं ऐकून जे वर गेले, त्यांचे पाय आपोआप उतारावर वळले आणि ते घरी पोचले, उत्तर हरवून. मला खोटा म्हणणारी तू चौथी."

"आणि पहिले तिघे?"

"वर बसलेत. भेटतीलच."

माथ्यावर धुके होते. धुक्यात एका वेळी एकच झाड दिसे, हात लावण्याइतके जवळ गेले तरच. बाकी सगळे पांढरे. धुक्याच्या अलीकडे एक मोठा दगडी हौद होता आणि हौदाच्या पलीकडे रहाट. रहाटावर एक म्हातारा पाणी ओढत होता. हौदाच्या कडेला तीन माणसे बसली होती. उत्पला जवळ गेली तेव्हा तिला कळले की ती दगडाची आहेत. एक म्हातारा कुंभार, त्याच्या अंगठ्यावरचा मातीचा खळगासुद्धा दगडात उतरला होता. एक तरुण बाई, गुडघ्यांना मिठी मारून. एक गवई, मान खाली घालून.

रहाटावरचा म्हातारा म्हणजे रुद्रकेतू. त्याने घागर हौदात रिकामी केली आणि विचारले, "धृतिसेनाची मुलगी?"

"होय. मला तिसरी साक्ष हवी आहे."

"तिसरी नव्हे, दुसरी. पहिल्या दोन पाखरांनी तुला काही दिलं नसणार." त्याने हात पुसले. "देतो. पण आधी माझी जुनी साक्ष ऐक. तुझ्या बापाच्या दरबारात मी ती घेऊन उभा होतो. ऐकली नाही."

उत्पलेला घाई होती. तरी ती बसली.

"तुझी आई आजारी होती," रुद्रकेतू म्हणाला. "मी औषध तयार केलं. माझी बायको तारिणी ते पेटीत घालून राणीच्या महालात घेऊन गेली. महालाची वाट खजिन्यावरून जाते. तुझ्या आईच्या तोंडात औषध घालून ती परत निघाली. पहारेकऱ्याने तिला खजिन्याच्या दारावरून पेटी घेऊन जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक हार सापडत नव्हता. पहारेकऱ्याने दरबारात सांगितलं, मी हिला पेटी नेताना पाहिलं. तो खोटं बोलला नाही. त्याने पाहिलं ते सांगितलं. तुझ्या बापाने दंड आपटला. मी दारात उभा होतो, हात वर करून. तारिणीला वाळवंटात सोडलं."

"आणि मग?"

"मग काय, मला ठाऊक नाही. मी वाळवंटात शोधलं. एक म्हणाला, एक बाई व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेली. एक म्हणाला, एका बाईची हाडं पाहिली. ती जिवंत आहे की मेली, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही." त्याने घागर पुन्हा खाली सोडली. "तुझ्या बापाला मी तेच दिलं. जास्त नाही, कमी नाही."

आई त्या औषधाने वाचली होती. उत्पला लहान होती, तरी तिला आठवत होते की एका सकाळी आईसाहेब उठून बसल्या होत्या आणि महालात साखर वाटली होती. ती म्हणाली, "तुमची साक्ष मी ऐकली. दरबारात उभी राहून ती सांगेन. पण या झाडांत तुमच्या बायकोची बाजू न ऐकणारा एकही नव्हता. ते झरा सोडवायला आले होते."

"ठाऊक आहे," रुद्रकेतू म्हणाला. "रोज पाणी मीच घालतो त्यांना."

मग त्याने दुसरी साक्ष दिली.

"सगळ्या झाडांची मुळं या हौदात उतरलेली आहेत. जिवंताचं झाड दिवसाला दोन घागरी पितं, एक जगण्यासाठी, एक घराच्या ओढीसाठी. मृताचं झाड एकच पितं, कारण घरी त्याची कोणी वाट पाहतं. रिकामा झालेला हौद काठोकाठ भरायला मला रोज पासष्ट घागरी लागतात. एक जास्त नाही, एक कमी नाही."

उत्पलेने ओल्या वाळूवर बोट टेकवले. हे राघूसारखे नव्हते. इथे जिवंत आणि मृत यांच्यात फरक होता, आणि फरक होता म्हणूनच वाट होती. तिने मनात धरले, सगळ्यांनाच एकेक घागर मिळाली असती तर? झाडे चाळीस, घागरी चाळीस. पण जातात पासष्ट. वरच्या पंचवीस घागरी कोण पितं? मृत तर एकीच्या वर पीत नाहीत. त्या पितात जिवंत, प्रत्येकी एक. म्हणजे जिवंत पंचवीस. चाळिसांतून पंचवीस वजा केले.

पंधरा.

तिने ताळा पाहिला. पंचवीस दुणे पन्नास, आणि पंधरा. पासष्ट. साळुंकीचे खरे होते, म्हाताऱ्याचे खरे होते, आणि दोघे मिळून एकच गोष्ट सांगत होते. दुसरे कोणतेही उत्तर त्यात बसत नव्हते. तिने चोवीस धरून पाहिले, सव्वीस धरून पाहिले. नाही बसत.

"झालं?" साळुंकीने विचारले. "मग बोल. तुला तर सगळ्याची घाई."

उत्पलेने म्हाताऱ्याला विचारले, "घागर कुठे गळत तर नाही ना?"

"नाही."

"रहाट ओढताना पाणी सांडत असेल."

"सांडत नाही." रुद्रकेतूने दगडाच्या तिघांकडे पाहिले. "त्यांनीही हेच विचारलं होतं. बाईने तर घागर उन्हात धरून आतून पाहिली."

"त्यांचं उत्तर चुकलं म्हणून ते दगड झाले, अशी साक्ष आहे."

"त्यांचं उत्तर बरोबर होतं," म्हातारा म्हणाला. "तिघांचंही. इथे बसून तुझ्यासारखंच मांडलं त्यांनी. मग आकडा ओठांवर आला, आणि कोणाला तो उच्चारवेना. न उच्चारता जो इथे बसतो, तो हळूहळू दगड होतो. मी त्याला काही करत नाही. ते आपोआप होतं."

उत्पला हौदाच्या कडेला बसली होती. समोर धुके होते आणि धुक्यात चाळीस झाडे होती, आणि तिने तोंड उघडेपर्यंत त्या चाळिसांतले कोणतेही झाड कुवलय असू शकत होते, आणि ते झाड जिवंत असू शकत होते. चाळीस घरांत हेच चालले होते. प्रत्येक घर म्हणत होते, आमचा जिवंत आहे. आता तिला ठाऊक होते की त्यांतली पंधरा घरे चुकत आहेत. फक्त कोणती, ते ठाऊक नव्हते. आणि न बोलता ते कधीच ठाऊक होणार नव्हते. किती बरे होते ते. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटले की थांबावे, इथेच बसावे, गोष्टीचा शेवट कोणी सांगूच नये.

तिची पावले गार पडली. तिने खाली पाहिले तेव्हा बोटे राखाडी झाली होती, आणि घोटे होत होते. दुखत नव्हते. उलट फार शांत वाटत होते.

"राजकन्ये," साळुंकी म्हणाली. तिने चोच मारली, पण चोच दगडावर वाजली. "तो माझाही होता. माझ्या चोचीत दाणा त्याने घातला. मला बोलायला त्याने शिकवलं. तुला वाटतं मला ऐकायचंय?"

"मग मला बोलायला का सांगतेस?"

"कारण यांतले पंचवीस रोज दोन-दोन घागरी पितायत."

उत्पलेने धुक्याकडे पाहिले. पंचवीस. पंधरांचा विचार करता करता तिने त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते. पंचवीस माणसे तिथे उभी होती, घराच्या ओढीने तहानलेली, आणि ती त्यांच्यासमोर बसून आपले दुःख जपत होती. दगड गुडघ्यापर्यंत आला होता. तिला उभे राहता येईना, म्हणून ती बसल्या जागेवरूनच म्हणाली,

"जिवंत पंचवीस. मृत पंधरा."

धुके विरले आणि उत्पलेचे पाय मोकळे झाले. पंचवीस झाडांची साल उतरली आणि माणसे चालत बाहेर आली, डोळे चोळत, केसांतली पाने झटकत. सगळ्यांत पुढे राजपुत्राचा निशाणधारी होता. त्याने उत्पलेला पाहिले आणि मान खाली घातली.

तिला कळले. तरीही तिने पंचवीसही चेहरे एकेक करून पाहिले.

हौदाच्या कडेचे दगड मऊ झाले. म्हातारा कुंभार खोकत उठला, आणि त्याच्यासमोर त्याचा मुलगा उभा होता, जसा गेला तसा. "इतके दिवस तू जिवंत होतास," कुंभार म्हणाला, "आणि मला आकडा बोलवला नाही." मुलाने त्याला धरले. तरुण बाई उठली नाही. तिचा नवरा आलेल्यांत नव्हता. गवई येणाऱ्या प्रत्येकाला एकच नाव विचारत फिरला आणि शेवटी त्या बाईशेजारी जाऊन बसला.

रुद्रकेतूने हौदाची तळची शिळा ओढली. झरा मोकळा झाला आणि पाणी उतारावरून धावत सुटले. त्याने काठी उचलली.

"कुठे निघालात?" उत्पलेने विचारले.

"वाळवंटात. तिथे आणखी कोणी काही पाहिलं असेल."

तो उतरून गेला. त्याला दुसरी साक्ष मिळाली की नाही, हे या गोष्टीला ठाऊक नाही.

उत्पला खाली पोचली तेव्हा राज्यात पाऊस पडत होता. घराघरांतून नव्या बाळांचे रडणे ऐकू येत होते आणि चुलीवरचा भात शिजत होता. राणीच्या महालात समई शांत जळत होती. आईसाहेबांचा चेहरा सैल झाला होता. दासी म्हणाली, "पंचवीस-पंधरा असं काहीसं वाऱ्यावर ऐकू आलं, ताईसाहेब, आणि त्यांनी डोळे मिटले."

राजा पायऱ्यांवर उभा होता. त्याला विचारायचे नव्हते, तरी त्याने विचारले.

"माझा मुलगा?"

"नाही, बाबामहाराज."

"तू बोलली नसतीस तर तो..."

"तर तो अर्धा राहिला असता. आणि हे पंचवीसही अर्धेच राहिले असते. त्यांनाही बाप आहेत."

राजा पायरीवर बसला. तो बराच वेळ रडला, आणि उत्पला त्याच्या खालच्या पायरीवर बसून रडली. मग पावसात भिजतच ती म्हणाली, "उद्या दरबार भरवा. एक साक्ष ऐकायची राहिली आहे."

"दंड आपटलेली?"

"हो. तीच."

दुसऱ्या दिवशी तिने रुद्रकेतूची साक्ष शब्दशः सांगितली. पहारेकरी अजून होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, मी पेटी पाहिली होती. आत काय आहे, हे मला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही." राजाने दंड आपटायला उचलला, आणि मग तो तसाच हातात धरून म्हणाला, "याविषयी आणखी कोणाला काही सांगायचं आहे?" सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. सवय नव्हती. शेवटी मागच्या रांगेतून एक वृद्ध दासी उठली. हार राणीच्या उशीखाली सापडला होता, तिने तो गुपचूप परत ठेवला होता, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

तेव्हापासून त्या राज्यात दुसऱ्या तोंडाचे ऐकल्याशिवाय न्याय झाला नाही. राजा म्हातारा झाल्यावर उत्पला गादीवर बसली, आणि तिच्या दरबारात लोक एकमेकांना तोंडावर खोटे म्हणू लागले. पुष्कळांना ते आवडले नाही.

पंधरा झाडे मात्र डोंगरावर तशीच उभी राहिली, साधी झाडे, पाने गाळणारी आणि नवी धरणारी. पंधरा घरांची माणसे तिथे गेली तेव्हा त्यांना पहिला प्रश्न पडला की आपले कोणते. झाडे पंधरा होती, नावे पंधरा होती, पण कोणते नाव कोणत्या झाडाचे, हे सांगणारी एकही साक्ष उरली नव्हती. उत्पलेने सगळ्या बाजूंनी मांडून पाहिले. जे धरावे ते बसत होते. तिने वाळू पुसली आणि घागर उचलली.

त्या डोंगरावर कोणीही कोणाच्या तरी आठवणीने गेले, की पंधराही झाडांना पाणी घालूनच उतरते. राजा धृतिसेनही जात असे. वाकलेल्या पाठीने तो एकेका बुंध्याशी घागर रिकामी करी. कुंभाराचा मुलगा एकदा म्हणाला, "महाराज, थकलात. उरलेल्यांना मी घालतो." राजाने मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेला, कारण ते कुवलय असू शकत होते, आणि नसले तर कोणाचा तरी मुलगा होते.